अठराची रिंग, वीसची रिंग

जावईबापूंनी नव्या सिस्टीमच्या मीटिंगला बोलावलं, तेव्हा मला वाटलं होतं की पहिल्या रांगेत नाही तरी दुसऱ्या रांगेत आपली खुर्ची असेल. ज्या गोदामाच्या किल्ल्या एकतीस वर्षं माझ्या कमरेला आहेत, त्याच गोदामाबद्दल बोलणं होणार होतं. खुर्ची मिळाली ती दाराजवळ, झेरॉक्स मशीनला खेटून. मशीन गरम होतं आणि माझा डावा गुडघा सकाळपासून ठणकत होता.

जावईबापू म्हणजे आमच्या थोरल्या मालकांचे जावई. थोरले मालक गेले आणि गोदाम जावयाच्या हातात आलं. तोंडावर आम्ही त्यांना साहेब म्हणतो. माणूस वाईट नाही. कामाला वाघ आहे, कुणावर ओरडत नाही. फक्त जे जुनं ते टाकाऊ, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्या दिवशी त्यांनी भिंतीवर एका गोदामाची चित्रं दाखवली. चित्रातलं गोदाम इतकं लख्ख होतं की त्यात एकही माणूस नव्हता.

आमचं गोदाम सुट्या भागांचं. पाण्याचे पंप, मिक्सर, कपडे धुण्याची मशिनं, यांच्यात जे जे म्हणून झिजतं ते आमच्याकडे मिळतं. चार हजारांवर वस्तू आहेत आणि त्यातल्या निम्म्या दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूसारख्या दिसतात. पंपाच्या रबरी रिंगाच घ्या. एक अठरा मिलिमीटरची, एक वीसची. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, दोन्हींना तोच वास. शेजारी शेजारी धरल्या तर फरक कळतो, एकटी हातात आली तर घडवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आणि अठराच्या जागी वीसची बसवली की पंप दुसऱ्या दिवसापासून गळायला लागतो.

म्हणून थोरल्या मालकांचा एक नियम होता. जुळ्यांना एका पाळण्यात निजवायचं नाही. अठराची रिंग तिसऱ्या रांगेत, तर वीसची थेट अकराव्या रांगेत. मिक्सरचे पट्टे, मोटारीचे ब्रश, स्प्रिंगा, सगळ्या जुळ्यांचं असंच. नवा माणूस आला की हसायचा, म्हणायचा, हा काय वेडेपणा, एका जातीचा माल इतका लांब लांब का? आम्ही सांगायचो, पायांना चालू दे, हात चुकणार नाहीत. हा नियम कुठल्याही रजिस्टरात लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच पडली नव्हती.

नव्या सिस्टीममध्ये सगळा माल नंबराप्रमाणे लागणार होता. म्हणजे अठराच्या शेजारी वीस, वीसच्या शेजारी बावीस. मी हात वर केला.

"साहेब, एक सांगायचं होतं. आपल्याकडे जुळा माल आहे, तो..."

"काका," जावईबापू हसून म्हणाले, "डोकं चालवायचं काम आता सिस्टीमचं. तुमचे चार महिने राहिलेत, आता जरा डोक्याला आराम द्या."

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते, घरातल्या म्हाताऱ्याच्या बोलण्याला हसतात तसं होतं. तेच मला झोंबलं. कुणी शिवी दिली असती तर मी भांडलो असतो.

मीटिंग संपताना सॉफ्टवेअरवाल्या मॅडमनी एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. तिशीतली मुलगी, डोळ्यांखाली काळं, बहुतेक तीन गोदामांची कामं एकदम बघत असावी. बारा प्रश्न होते. नववा प्रश्न असा: माल ठेवण्याबाबत काही विशेष नियम किंवा पद्धत आहे का? मी पेन उचललं. आणि लिहिलं, नाही. खाली सही केली, तारीख टाकली. मनात म्हटलं, घ्या, चालवा तुमचं डोकं. तोंडावर आपटाल तेव्हा याल विचारायला.

घरी जाऊन बायकोला हे सगळं सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा ऐटीतच सांगितलं. "एक शब्द बोललो नाही मी. पडू देत खड्ड्यात." ती भाकऱ्या थापत होती. एवढंच म्हणाली, "खड्ड्यात कोण पडेल ते आधी बघा."

मला त्या क्षणी कळायला हवं होतं. कारण तिची धाकटी बहीण आमच्याच गोदामात काम करायची.

माझी मेहुणी तिथे लागली ती माझ्याच शब्दावर, चौदा वर्षांपूर्वी. काम माल काढायचं. ऑर्डरीचा कागद घ्यायचा, रांगांमधून फिरायचं, वस्तू गोळा करून पॅकिंगच्या टेबलावर ठेवायच्या. गोदामापासून तिचं घर चालत दहा मिनिटं. माझा साडू काचबिंदूने जवळजवळ आंधळा झालाय. उरलंसुरलं टिकवायचं तर डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब घालावे लागतात आणि त्याचे स्वतःचे हात थरथरतात. दुपारी एकला मेहुणी घरी पळायची, थेंब घालायची, त्याला जेवायला वाढायची, दोनला परत हजर. चौदा वर्षांत एकदाही उशीर नाही. त्या दहा मिनिटांच्या अंतरावर तिचा सगळा संसार उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला तिसऱ्या रांगेत गाठलं. "भाऊजी, म्हणतात सगळा माल नंबराने लागणार. जुळ्यांचं सांगितलंत ना तुम्ही त्यांना?"

"सांगितलं," मी म्हणालो. "ऐकतात कुठे."

बायकोपुढे जी ऐट मिरवली, ती मेहुणीपुढे मिरवता आली नाही. तिच्यासमोर मला शहाणं दिसायची सवय आहे. ती म्हणाली, "मग काय, आपण सांभाळून करू," आणि कागद घेऊन चालायला लागली.

सिस्टीम सुरू झाली ती ऐन उन्हाळ्यात. उन्हाळा म्हणजे पंपांचा हंगाम, दिवसाला नेहमीच्या दुप्पट ऑर्डरी. शहाणा माणूस घरातली फरशीसुद्धा पाहुणे गेल्यावर उखडतो. पण तारीख आधीच ठरली होती आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या. एका रविवारी सगळा माल उचलून नंबराने लावला. जुनी रजिस्टरं पुठ्ठ्याच्या पेटीत घालून माळ्यावर टाकली. काही दिवस तरी दोन्ही चालू ठेवू, असं कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

प्रत्येकाच्या हातात एक यंत्र आलं. ते सांगेल त्या कप्प्याशी जायचं, कप्प्यावरचं स्टिकर यंत्राला दाखवायचं, टूं वाजलं की वस्तू उचलायची. सगळा घोळ तिथेच होता. एवढ्याशा रिंगेवर स्टिकर बसत नाही, ते कप्प्याला असतं. यंत्राला कप्पा कळतो. कप्प्यात काय पडलंय, ते यंत्राला कळत नाही. आणि घाईघाईत माल भरताना अठराच्या कप्प्यातून चार रिंगा वीसमध्ये सांडणार, वीसच्या अठरात पडणार, हे शाळेतलं पोरही सांगेल.

पॅकिंगच्या टेबलामागच्या भिंतीवर मोठा पडदा लागला. त्यावर माणसांचे नंबर, आणि कोण तासाला किती वस्तू काढतंय त्याचा आकडा. वरचे हिरवे, मधले पिवळे, खालचे तीन लाल. जावईबापूंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. तीन महिन्यांच्या हिशोबात जे तीन तळाला राहतील, त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या गोदामात. तिथे जायला दोन बस. म्हणजे सकाळी सातला निघायचं आणि रात्री आठला परत. बाकी कुणासाठी ती बदली असेल, मेहुणीसाठी ती नोकरी संपल्याची चिठ्ठी होती.

तिचा नंबर चौदा. पहिल्या आठवड्यात चौदा पिवळ्यात होता, दुसऱ्यात लाल झाला आणि तिथेच बसला.

कारण ती रिंग तपासायची. प्रत्येक. तिची एक रीत होती, कुणी शिकवली नव्हती, तिची तिने शोधली होती. रिंग उचलायची आणि उजव्या अंगठ्यात घालायची. अठराची असेल तर सांध्यावर अडते, वीसची असेल तर सरळ खाली उतरते. देवाने तिच्या अंगठ्याचा सांधा नेमका एकोणीस मिलिमीटरचा केला होता. मीही एकदा करून बघितलं. माझा अंगठा जाड, दोन्ही अडतात.

एक दिवस मी तिला त्या कप्प्यांपाशी गाठलं. पन्नास रिंगांची ऑर्डर होती. ती एकेक रिंग अंगठ्यात घालून काढत होती आणि कमरेला लटकवलेलं यंत्र उशीर झाला म्हणून कोकलत होतं.

"सोड ना ते," मी म्हणालो. "यंत्राने वीसचा कप्पा दाखवला, त्यातल्या पन्नास उचल आणि टाक. बाकीचे तेच करतात. म्हणून हिरव्यात आहेत ते."

"वीसमध्ये अठराच्या पडल्यात भाऊजी. आताच नऊ निघाल्या."

"निघू दे. तुला काय करायचंय?"

"कुणाचा तरी पंप गळेल." तिने एक रिंग बाजूला टाकली. "आणि मला हात थांबवता येत नाही हो. डोळे मिटले तरी अंगठा वर येतो."

मी पडद्याकडे बोट दाखवलं. ती हसली. "उन्हाने तुमचं नाक लाल झालंय आणि तिकडे माझा नंबर. मेहुणी शोभते की नाही तुमची?"

मला हसू आलं नाही. तिथून मी माझ्या टेबलाशी आलो आणि नुसता बसून राहिलो. माझ्या हिशोबात खड्ड्यात पडायचे होते जावईबापू. ते तर वर केबिनमध्ये गार हवेत होते. मी खणलेल्या खड्ड्यात पडत होती ती एकटीच, जी काम नीट करत होती. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे सुकं मजेत होतं, नुसतं ओलंच जळत होतं.

त्याच दिवशी वर जाऊन सांगायला हवं होतं. जिना अठरा पायऱ्यांचा आहे. मी दोनदा निघालो आणि दोनदा गुडघ्याचं निमित्त करून परत फिरलो. खरं कारण तो कागद होता. नववा प्रश्न, नाही, आणि खाली माझी सही. निवृत्तीला उरलेले दिवस आता महिन्यांत नाही, आठवड्यांत मोजत होतो. एकतीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी, जाणूनबुजून खोटं लिहिलं, असा शिक्का नको होता मला. मला वाटत राहिलं की कुणीतरी दुसरं बोलेल, माल परत येईल, गोष्ट आपोआप उघडी पडेल. थकलेल्या माणसाला आपोआप होणाऱ्या गोष्टींचा फार भरवसा असतो.

माल परत आलाच. पण परत आलेला माल मागच्या दाराने येतो, त्याची नोंद दुसऱ्या खात्यात होते आणि त्या खात्याचा आकडा भिंतीवरच्या पडद्यावर दिसत नाही. चुकीच्या रिंगा पाठवणारे हिरवेच राहिले. पहिल्या महिन्यात दोन पेट्या आल्या, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मागचा बोळ पेट्यांनी इतका भरला की माणसाला आडवं होऊन जावं लागायचं. मग सॉफ्टवेअरवाल्या मॅडम आल्या. त्यांनी एक पेटी माझ्या टेबलावर उपडी केली. दोनेकशे काळ्या रिंगा टेबलभर पसरल्या.

"काका, सिस्टीममध्ये एकही चूक दिसत नाही. प्रत्येक वेळी बरोबर कप्प्यातून माल निघालाय. मग हे असं का होतंय?"

तिचा आवाज इतका दमलेला होता की माझा सगळा राग जिरला. मी सांगितलं. जुळ्यांचं, पाळण्याचं, तिसऱ्या आणि अकराव्या रांगेचं, अंगठ्याने तपासायचं, सगळं. ती लिहून घेत गेली. मग तिने बॅगेतून एक फाईल काढली, पानं उलटली आणि एका पानावर थांबली. मला लांबूनही माझी सही ओळखू आली. तिने ते पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पान उलटलं. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही, आणि तिला माफही करता येत नाही. तिने तेव्हा चार शब्द सुनावले असते तर मी मोकळा झालो असतो.

जावईबापूंना हे सगळं ऐकून आनंदच झाला. कोडं सुटलं होतं ना. "काका, हे म्हणजे सोनं आहे," ते म्हणाले. "अशी माहिती डोक्यात ठेवून तुम्हाला घरी कसं जाऊ देऊ? एक वर्ष मुदतवाढ. जुळ्या मालाची नवी मांडणी तुमच्या देखरेखीखाली."

मी म्हणालो, "साहेब, चौदा नंबरचं नाव यादीतून काढा. ती हळू नव्हती, ती एकटीच तपासत होती. तिच्या हातची एकही रिंग परत आलेली नाही, हवं तर बघा."

त्यांनी खरंच बघितलं, मॅडमकडून काढून घेतलं. एकही नव्हती. त्यांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "यादी काल लागली काका. एकीला वगळलं तर बाकीचे दोघं काय म्हणतील? नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या तीन महिन्यांपासून चुकाही मोजू, हे मात्र नक्की."

बैल गेला आणि झोपा केला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. म्हटलं नाही. मग मुदतवाढही नको, असंही आलं होतं. तेही म्हटलं नाही. घरी बसून करायचं काय, असा एक विचार आला आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटली. मी जिना उतरलो.

शेवटच्या दिवशी मेहुणी यंत्र जमा करायला माझ्या टेबलाशी आली. नव्या गोदामाला जाणार नाही, असं तिने आधीच लिहून दिलं होतं. मी पावतीवर सही केली. पेन ठेवलं आणि म्हणालो, "मी त्यांना सांगितलं नव्हतं. मीटिंगमध्ये. तुला म्हणालो होतो सांगितलं म्हणून, पण नव्हतं सांगितलं."

"माहितीये," ती म्हणाली.

मी वर बघितलं.

"ताईने त्याच आठवड्यात सांगितलं मला फोनवर. तुमच्या घरात काय शिजतं ते मला तुमच्याआधी कळतं."

"मग तू का नाही बोललीस? मॅडम सुरुवातीला रोज इथेच होत्या. तू सांगितलं असतंस तर पहिल्या महिन्यातच..."

"सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, स्टोअरकीपरला माहीत नव्हतं का?" ती ओढणी नीट करत म्हणाली. "तुमचे चार महिने राहिले होते भाऊजी. मला वाटलं, तुम्ही सांगाल. रोज वाटायचं, आज सांगतील."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त दमलेली होती. तिने घड्याळ बघितलं. एक वाजायला आला होता. "निघते," ती म्हणाली, "थेंबांची वेळ झाली," आणि नेहमीसारखी लगबगीने गेली. आज दोनला परत यायचं नाही, हे तिच्या पायांना अजून कळलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही जुळे वेगळे केले. अठराची परत तिसऱ्या रांगेत, वीसची अकराव्या. मिसळलेल्या रिंगा निवडायला तिघं लागली, मोजपट्टी घेऊन, चार दिवस. मॅडमनी सिस्टीममध्ये नवा नियम टाकला आणि मला दाखवायला बोलावलं. पडद्यावर लिहिलं होतं: दिसायला सारख्या वस्तू शेजारच्या कप्प्यांत ठेवू नयेत. उचलताना रिंग अंगठ्यात घालून तपासावी. खाली एक रकाना होता, माहिती देणारा. त्यात माझं नाव होतं.

"मॅडम, ते अंगठ्याचं माझं नाही," मी म्हणालो. "ते चौदा नंबरचं आहे. तिचं नाव घाला तिथे."

तिने माझं नाव पुसलं आणि मेहुणीचं टाकून बघितलं. रकाना लाल झाला. तिने पुन्हा टाकलं, पुन्हा लाल झाला. तिने हात मांडीवर ठेवले.

"नाही घेत काका," ती हळूच म्हणाली. "या रकान्यात जे सध्या कामावर आहेत, त्यांचीच नावं बसतात."

रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. तिने माझं नाव परत टाकलं आणि तो हिरवा झाला.